जावक क्रमांक एक्केचाळीस

निनावी अर्ज कचऱ्याच्या टोपलीत टाकावा, त्यावर शेऱ्याचे एक अक्षरही खर्च करू नये, असे मी एका जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत बावीस वर्षे हाताखालच्या कारकुनांना बजावत आलो. ज्याला स्वतःचे नाव लिहिण्याचे धैर्य नाही, त्याने दुसऱ्याचे नाव कागदावर आणू नये, हे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे. निनावी कागदाने आरोपीचे काय होते ते पुढे चौकशीत ठरते. पण तो कागद कोणी लिहिला असेल या संशयात जी माणसे सापडतात, त्यांची चौकशी कुठेच होत नाही. हे सारे मला ठाऊक होते. तरीही आयुष्यात एक निनावी पत्र मी लिहिले, आणि ते ज्याच्याविरुद्ध लिहिले त्याच्याच गाडीत बसून सप्टेंबरच्या एका शनिवारी मासे धरायला गेलो.

मेलबर्नला आम्ही आलो ते पत्नीच्या परिचारिकेच्या नोकरीमुळे. इथे मला न्यायालय मिळाले नाही. एका विमा कंपनीच्या तळघरात फाइली लावण्याचे काम मिळाले. पत्रे लिहिण्याची सवय मात्र सुटली नाही. रेल्वेला, कौन्सिलला म्हणजे इथल्या नगरपालिकेला, वर्तमानपत्रांना, कॉलेजांना मी लिहीत असे, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नोंद पुण्याहून आणलेल्या लाल कण्याच्या जावक वहीत करत असे: क्रमांक, दिनांक, कोणास, विषय. नव्या वर्षी पुन्हा एकपासून.

ती विद्यार्थ्यांच्या लाटेची वर्षे होती. दर फेब्रुवारीत आणि जुलैत विमाने भरून मुले उतरत. दुकानांच्या माडीवर दोन खोल्यांत उघडलेली कॉलेजे त्यांना स्वयंपाक आणि केशरचना शिकवत, आणि इंजिनिअर होऊन आलेली मुले कायम राहायला मिळेल या आशेवर गाजर चिरायला शिकत. ती राहतात कुठे, हा प्रश्न कोणी विचारत नव्हते. मी विचारला; अकरा कॉलेजांना पत्रे लिहिली. दोन कॉलेजांनी उत्तर म्हणून आपले माहितीपत्रक धाडले.

मुले राहत होती माझ्या मित्राच्या घरासारख्या घरांत. हा मित्र मूळचा मालवणचा, डँडेनॉन्ग उपनगरातल्या एका कारखान्यात देखभालीचा इंजिनिअर. स्टेशनच्या मागे त्याचे तीन खोल्यांचे जुने विटांचे घर होते. त्यात त्याने आधी चार मुले ठेवली, मग सात, मग अकरा. लोभी माणूस तो नव्हता, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मुलांना विमानतळावरून स्वतः आणी, घोंगड्या देई, आजारी पडले तर डॉक्टरकडे नेई. "यांना दुसरं कोण ठेवणार?" असे तो म्हणे.

जुलैतल्या एका रविवारी त्या घरी मसालेभाताचे पातेले पोचवायला त्याने मला सोबत नेले. बोळातल्या छतावर धुराची सूचना देणारे यंत्र होते. त्यावर कोणी न्हाणीतली प्लास्टिकची टोपी चढवून रबर लावले होते, कारण प्रत्येक फोडणीला ते किंचाळत असे. मागच्या दारासमोर दुसरा फ्रिज उभा होता. मागच्या खोलीत पाच गाद्या होत्या, विजेच्या हीटरवर जीन्स वाळत होत्या आणि खिडकीची चौकट स्क्रूने पक्की केलेली होती. नांदेडकडचा एक बारीक अंगाचा विद्यार्थी माझ्या मित्राला म्हणाला, "काका, ती खिडकी तेवढी उघडून द्या ना."

"अरे, मागच्या महिन्यात तिथूनच लॅपटॉप गेला ना तुमचा? थंडी आहे, उघडून करणार काय?"

परतताना गाडीत मी त्याला सांगितले, की एखाद्या रात्री त्या हीटरने पेट घेतला तर या घरातून पाचांपैकी एकही बाहेर येणार नाही.

"साहेब, तू कायद्याची पुस्तकं वाचून घाबरतोस," तो हसला. "आपण हॉस्टेलला कसे राहिलो? एका खोलीत सहा. मेलो का?"

आठवड्याने मी पुन्हा सांगितले. तो पुन्हा हसला. मग मी पत्र लिहिले.

नाव का घातले नाही, याचे कारण एकच. पत्नीच्या केमोथेरपीच्या सात महिन्यांत, मला गाडी चालवता येत नसताना, तिला दर आठवड्याला इस्पितळात नेणारा आणि उलट्यांची बादली हातात धरून परत आणणारा माणूस हाच होता. ती त्यातून बरी झाली. अशा माणसाविरुद्धच्या कागदाखाली सही करायला माझा हात धजला नाही. गप्प बसायलाही मन धजेना. मी दोन्हींच्या मधला मार्ग काढला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा मार्ग काढणाऱ्यांची मी गय केली नव्हती. लायब्ररीतल्या संगणकावर मजकूर उतरवला, नेहमीपेक्षा वेगळे अक्षरवळण निवडले, तिथेच छापला आणि ट्रेनने चार स्टेशने पलीकडे जाऊन पेटीत टाकला. ऑगस्टमध्ये कौन्सिलचा माणूस घर पाहून गेला. मुले कमी करा, असा हुकूम आला. पाच जणांना जावे लागले. हे मला मित्राच्याच तोंडून कळले, आणि मी "अरेरे" म्हणालो.

आमचा एक नेम होता. सप्टेंबरच्या ज्या शनिवारी इथल्या फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, अंतिम सामना असतो, त्या शनिवारी सारे शहर टीव्हीपुढे बसते आणि नद्या मोकळ्या पडतात. तेव्हा आम्ही तिघे ट्राउट धरायला जात असू. तिसरा आमचा दंतवैद्य मित्र, नागपूरचा. तो शिक्षणासाठी कॅनडात दोन वर्षे राहिला होता आणि तिथल्या समुद्रातून नदीत चढणाऱ्या स्टीलहेड नावाच्या मोठ्या ट्राउटचे वेड घेऊन आला होता. ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक रेनबो ट्राउटला तो स्टीलहेडच म्हणे.

त्या वर्षी वसंत नावापुरताच होता. हील्सविल सोडून घाट चढू लागलो तसा पावसात बर्फाचा चुरा मिसळू लागला. उंच निलगिरींच्या खोडांवरून पाणी वाहत होते, आणि खालचे नेचे पांढरे पडले होते. मी पुढे बसलो होतो. मित्र गाडी चालवत होता, नेहमीपेक्षा कमी बोलत होता. मी दर पाच मिनिटांनी मासेमारीच्या नियमांची पुस्तिका उघडत होतो आणि मिटत होतो.

"वकीलसाहेब, पाठ झालं की नाही अजून?" मागून दंतवैद्य म्हणाला. मी वकील कधीच नव्हतो, पण त्याला ते सांगून उपयोग नसे. "मासा विचारेल तुला, कलम कितवं?"

"लायसन्स घेतलंस का तू?" मी विचारले.

"घेतलंय रे बाबा. दाखवू? स्टीलहेडला दाखवतो आधी, मग तुला."

"इथे स्टीलहेड नाही. हे तुला त्या गळ-दोरीच्या दुकानवाल्यानेसुद्धा सांगितलं. 'मेट, दॅट्स जस्ट अ रेनबो.'"

"त्याचे आजोबा-पणजोबा अमेरिकेतून आले, समुद्र पाहिलेले. आता इथे गोड्या पाण्यात अडकले, म्हणून काय जात बदलली?"

एरवी मित्र या वाक्यावर मोठ्याने हसला असता. तो आरशात पाहून वळण घेत राहिला.

आयल्डन धरणाच्या खाली, गोलबर्न नदीच्या काठी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. समोर कॅथेड्रल नावाच्या डोंगररांगेवर बर्फ होते आणि नदी शिशाच्या रंगाची. छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी चढवून आम्ही पाण्यात उतरलो. थंडी रबरातून शिरते. आधी गुडघ्यांना कळते, मग दातांना. दंतवैद्य वरच्या वळणावर गेला, मित्र खाली, मी मधे. तासाभरात माझी दोरी दोनदा काठावरच्या विलोच्या फांदीत अडकली. मासा नव्हता, आणि असता तरी मला कळला नसता. मी मित्राच्या पाठीकडे पाहत होतो. तो गळ फेकायचा, थांबायचा, पुन्हा फेकायचा, आणि एकदाही माझ्याकडे वळून पाहत नव्हता. दर वर्षी तो ओरडून मला शिव्या देई: मनगट वाकवू नकोस, हा काय सहीचा टाक आहे? त्या दिवशी एक शब्द नाही.

साडेअकराला गारा आल्या. आम्ही काठावरच्या पत्र्याच्या छपरीत धावलो. बोलायला ओरडावे लागत होते. मित्राने थर्मासमधला चहा ओतला, आणि मग जाकिटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद काढला.

"साहेब, तुझ्यासाठी काम आणलंय. कौन्सिलला उत्तर द्यायचंय. मी मागितली म्हणून त्यांनी तक्रारीची प्रत दिली, गेल्याच आठवड्यात. तूच लिहून दे. तुझ्यासारखं कोण लिहितं?"

मी पिशवीतून कागद काढला. नाव नव्हते, पत्ता नव्हता. बाकी सगळे होते. वर मधोमध विषय, खाली रेघ मारलेला. त्याखाली 'संदर्भ: निरंक', तेही इंग्रजीत. परिच्छेदांना अनुक्रमांक. शेवटी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर'. आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे तो गेली कित्येक वर्षे माझ्या हातून पडत आला, तिथे जावक क्रमांक. एक्केचाळीस.

अक्षरवळण बदलले, पेटी बदलली, स्टेशन बदलले. आणि निनावी पत्राला मी जावक क्रमांक दिला होता. वहीतही त्याची नोंद होती. कोणास, विषय, सारे.

दंतवैद्य माझ्या खांद्यावरून वाचत होता. "आउटवर्ड नंबर! अरे, हा तर आपल्यापैकीच कुणीतरी. इथला माणूस कुत्रा भुंकतो म्हणून तक्रार करेल, पण नंबर घालून? हा नक्की कुठल्यातरी पंचायत समितीतून रिटायर झालेला..." आणि तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग चहाकडे.

"आपल्यापैकीच असणार," मित्र म्हणाला. "म्हणून तर म्हटलं, उत्तरही आपल्यापैकीच कुणी लिहावं."

तो बाहेर गारांकडे पाहत होता. त्याला कळले आहे की नाही, हे मला ठरवता येईना. आयुष्यभर साक्षीदारांचे चेहरे पाहिलेला मी, पण त्या पत्र्याखाली मला काहीच वाचता आले नाही. कागद परत पिशवीत घालून मी त्याच्या हाती दिला, "बघतो" म्हणालो, आणि गारा थांबायच्या आत पाण्यात उतरलो.

काय करायचे, हे मला दिसत होते. उत्तर लिहून द्यायचे, छान, बिनतोड. कुणाला काही कळणार नाही. तो मार्ग मोकळा होता, आणि त्याचाच मला संताप येत होता. मी गळ फेकत राहिलो, नेम न धरता, नुसता राग काढत. बोटे बधिर झाली होती. चौथ्या की पाचव्या फेकीला दोरी थांबली, आणि मग पाण्याखालून कोणीतरी ती जोरात ओढून घेतली.

रीळ करकरत फिरू लागले. मासा पाण्याबाहेर उडाला, अंगावर गुलाबी पट्टा, आणि पुन्हा खाली गेला. मागून पाणी उडवत मित्र आला. जाळे त्याच्याकडे होते.

"काठी वर धर!"

"ते पत्र माझं आहे," मी म्हणालो.

"वर धर म्हणतो ना!"

"मी लिहिलंय ते. कौन्सिलला."

"दोरी सैल सोडू नकोस. येऊ दे त्याला. ये... ये... आता मागे सर. मागे!"

मी मागे सरलो, दगडावर घसरलो, काठी मात्र वर राहिली. त्याने वाकून जाळे माशाखाली घातले, तो काठावर आणला, एका फटक्यात शांत केला. मग जाळे तसेच धरून तो उभा राहिला. धाप आम्हां दोघांनाही लागली होती.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "माझ्या आईच्या व्हिसाचं पत्र तूच लिहून दिलं होतंस. घरी आहे. तीच रेघ, तेच निरंक."

"मग मला उत्तर लिहायला का सांगितलंस?"

"तू काय लिहितोस ते बघायचं होतं."

मी एवढेच म्हणालो, की पत्रातला शब्द न् शब्द खरा आहे.

"खराच आहे! मी कुठे नाही म्हटलं? त्या माणसाने ती टोपी काढली तेव्हा माझीच मान खाली गेली. नवी यंत्रं बसवली, खिडकी उघडली, फ्रिज हलवला. तू सांगितलंस तेव्हाच करायला हवं होतं. तुझ्या मजकुराचा मला राग नाही रे. नाव का नाही घातलंस?"

"तू हिला सात महिने..."

"ते मध्ये आणू नकोस!" तो इतक्या जोरात ओरडला, की वरच्या वळणावर दंतवैद्य वळला. "ते मी तुझ्यासाठी नव्हतं केलं, वहिनींसाठी केलं होतं. नाव घातलं असतंस तर मी तुझ्या दारात येऊन भांडलो असतो. दोन महिने बोललो नसतो. मग आलो असतो. पण कागदावर नाव नाही म्हटल्यावर मी काय केलं, माहीत आहे? ते नांदेडचं पोरगं. खिडकी उघडा, खिडकी उघडा म्हणायचं. मी म्हटलं, हाच. पाच जणांना काढायचं होतं, त्यात पहिलं नाव त्याचं घातलं. त्याचं सामान मी स्वतः फुटपाथवर ठेवलं. तो सांगत होता, काका, मी नाही, आईशपथ मी नाही. मी त्याला काय म्हटलं ते तुला नाही सांगणार."

नदीचा आवाज होता. गारा थांबल्या होत्या.

ज्या दिवशी मी ते पत्र पेटीत टाकले, त्या दिवशी हे असेच होणार, हे मला सांगायला कोणाची गरज नव्हती. कारकुनांना मी हेच तर शिकवत होतो. अकरा माणसे जळून मरू नयेत म्हणून लिहिलेला कागद, आणि त्याची शिक्षा त्या घरात माझ्यासारखेच बोलणाऱ्या एकट्या मुलाला. माझ्या नावाच्या जागी त्याचे नाव बसले, कारण ती जागा मी रिकामी ठेवली होती.

छपरीत परत आलो. मी मित्राकडे तो कागद मागितला. पेन थंडीने चालेना. मासा तळायला मित्राने पेटवलेल्या छोट्या स्टोव्हवर मी ते धरून गरम केले, आणि गुडघ्यावर कागद ठेवून 'सविनय सादर'च्या खाली पूर्ण नाव, पत्ता आणि सही केली. दिनांक त्या दिवसाचा घातला. मागचा घालणे खोटे झाले असते. कागद त्याला परत दिला.

"आता याला उत्तर देता येईल," मी म्हणालो.

त्याने तो वाचला, घडी करून खिशात ठेवला. दंतवैद्याने रवा, तिखट आणि कोकमाच्या आगळाची बाटली पुढे सरकवली. पहिला मासा काठावरच तळायचा, हा मालवणी मित्राने घातलेला पायंडा होता. तुकडे तळले गेले. मित्राने आधी दंतवैद्याला वाढले, मग स्वतःला, मग तवा माझ्याकडे सरकवला. एरवी ज्याने मासा धरला त्याच्या ताटात डोके तो स्वतः ठेवी.

"स्टीलहेडच आहे हा," दंतवैद्य हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी कौन्सिलला स्वाक्षरीसह पत्र पाठवले. विनास्वाक्षरी कागदावर कार्यवाही केल्याबद्दल त्यांचाही निषेध त्यात होता. मग मी त्या मुलाचा शोध सुरू केला. घरात उरलेल्यांपैकी एकाने सांगितले, तो ब्रिस्बेनकडे चुलतभावाकडे गेला, स्प्रिंगफील्ड लेक्सला. फोन लागत नव्हता. त्याचे कॉलेज एव्हाना कुलूप लावून मोकळे झाले होते. चुलतभावाचा पत्ता मिळवायला मला डिसेंबर उजाडला. मी मराठीत लिहिले, हाताने, चार पाने. त्यात कायद्याचे कलम नव्हते. तुझ्यावर जो आळ आला तो माझ्यामुळे आला, आणि त्या घरात खरे बोलणारा तू एकटाच होतास, एवढेच लिहिले होते.

पत्र फेब्रुवारीत परत आले. पाकिटावर बोटभर शिक्का: या पत्त्यावर नाही. मित्रानेही शोधले, मला न सांगता एकदा विमानाने ब्रिस्बेनला जाऊन आला, हे मला दंतवैद्याकडून कळले. त्यालाही सापडला नाही.

मित्र आणि मी आजही भेटतो. पत्नीची विचारपूस तो करतो, दिवाळीला मालवणी खाज्याचा डबा आणतो. सामन्याच्या शनिवारी मात्र दंतवैद्य एकटा नदीवर जातो, आणि परत येऊन दोघांनाही वेगवेगळा फोन करतो. मी दर वर्षी लायसन्स नवे करून घेतो, का ते सांगता येणार नाही.

जावक वह्या आता सात झाल्या. ते परत आलेले पाकीट तिसऱ्या वहीत, त्याच्या नोंदीच्या पानावर ठेवले आहे. क्रमांक आहे, दिनांक आहे, विषय आहे. 'कोणास' या रकान्यात त्या मुलाचे नाव आहे. त्यापुढचा पत्ता मी खोडला आहे. रकाना असा सोडणाऱ्या कारकुनाला मी एकेकाळी उभे राहून झापले असते. ज्या कुणाला नांदेडचा, तेव्हा तेवीस वर्षांचा, डँडेनॉन्गच्या त्या विटांच्या घरात खिडकी उघडा म्हणणारा मुलगा ठाऊक असेल, त्याने त्याला एवढे सांगावे, की ते पत्र मी लिहिले होते.